आपलं मूल ब्लॅक आहे: अमेरिकेतल्या नव्या मराठी आईबाबांसाठी, आणि आजी-आजोबांसाठीही

लेक झाली तेव्हा नागपूरहून आलेला पहिला फोन अजून आठवतो. आईने वजन विचारलं, लगेच रडली का ते विचारलं, आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "रंग कुणावर गेलाय गं?" मी म्हटलं, "दोघांवर." पलीकडे क्षणभर शांतता. मग मागून मावशीचा आवाज: "असू दे, तरतरीत आहे ना पोरगी!"

त्या "असू दे"शी मी गेली नऊ वर्षं भांडते आहे. माझा नवरा ब्लॅक आहे, अटलांटाचाच. आम्हाला नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही, दिवसभर लोकांचे हिशेब तपासते. पण दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मराठी मुलगी किंवा मुलगा चाचरत फोन करतो, "ताई, आमच्याकडेही बाळ येणार आहे", आणि मी तेच तेच सांगत बसते. म्हणून एकदा लिहूनच काढलं.

आधी शीर्षकाबद्दल. "अर्धं मराठी" असं का नाही म्हटलं? घरात म्हणा की! मूल मराठी आहेच. अमेरिकेच्या जनगणनेत २००० सालापासून एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करता येते. पण दुकानातला रखवालदार, नवी शिक्षिका, रात्री गाडी थांबवणारा पोलिस हे काही फॉर्म वाचून बघत नाहीत. बराक ओबामांची आई गोरी होती, तरी २०१० च्या जनगणनेत राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी एकाच रकान्यावर खूण केली: ब्लॅक. जग मुलाला जसं बघणार आहे, तयारी त्याची करायची. आणि ती तयारी बाहेरच्या जगापासून सुरू होत नाही, आपल्या स्वयंपाकघरातून होते.

पहिली पायरी: घरातली जीभ

हे बाळ यायच्या आधी करायचं काम आहे. आपल्याकडे रंगावरचं बोलणं इतकं लाडाचं असतं की ते बोलणाऱ्याला ऐकूच येत नाही. सातव्या महिन्यात केशर घातलेलं दूध. न्हाऊ घालताना "डाळीचं पीठ चोळ, उजळेल". "उन्हात जाऊ नको, काळी होशील." फोटो पाहून "यात छान गोरी दिसतेय." यातलं एकही वाक्य रागाने येत नाही. मूल मात्र बेरीज करत असतं.

ही बेरीज किती लवकर होते? १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या ब्लॅक मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या ब्लॅक मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या, रंग सोडला तर अगदी सारख्या. छान बाहुली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरीकडे बोट दाखवलं. मग तुझ्यासारखी कोणती, असं विचारलं तेव्हा काही मुलं रडायला लागली. शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. तेव्हा "तिला काय कळतंय एवढ्यात" हे वाक्य बादच करून टाका.

काय करायचं? आईबाबांशी, सासू-सासऱ्यांशी फोनवर एकदाच, बाळ व्हायच्या आधी, स्पष्ट बोलायचं. मी बोलले ते असं: "आई, आमच्या घरात बाळाच्या रंगाची तुलना होणार नाही. कौतुकानेही नाही. कुणी केली तर मी सगळ्यांसमोर थांबवीन, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस." आईला वाईट वाटलंच. आठवडाभर फोन नाही. मग स्वतःहून केला, आणि पुढे मावशीला तिनेच गप्प केलं.

"काळू", "ते लोक" हे शब्द मराठीत बोलले तरी चालत नाहीत. मुलांना मराठी कळतं, आणि नसलं कळत तरी सूर कळतो. "त्यांच्यात बाप सोडून जातात म्हणे" हेही ऐकलंय मी, माझ्याच दिवाणखान्यात, नवरा आत बाळाचं लंगोट बदलत असताना. अमेरिकी सरकारच्या २०१३ मध्ये आलेल्या एका आरोग्य-पाहणीत, पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या वडिलांपैकी रोज मुलाला आंघोळ घालणारे, कपडे-डायपर बदलणारे ब्लॅक वडील ७० टक्के निघाले, गोरे ६० टक्के. आपल्या काकांची पाहणी कुणी केलेली नाही, ते बरंच आहे.

आणि नुसते शब्द काढून भागत नाही, जागी काहीतरी ठेवावं लागतं. आपल्याकडे सामान भरपूर आहे. विठोबा काळा आहे. संक्रांतीला काळं नेसतात, बोरन्हाणाला बाळाला काळं झबलं घालतात. लेकीचं बोरन्हाण केलं तेव्हा हलव्याचा मुकुट तिच्या कुरळ्या केसांत असा अडकला की सासूबाई आणि मी मिळून पाऊण तास एकेक दाणा सोडवत होतो. सासूबाई प्रत्येक दाणा सोडवून तोंडात टाकत होत्या. पण एक लक्षात ठेवा, "विठोबा पण काळाच" हे वाक्य समजूत घालायला वापरू नका. समजूत घालायची वेळ आली म्हणजे आधी कुणीतरी काहीतरी उणं ठरवलेलं असतं. आमच्या ओळखीत रोज हरिपाठ म्हणणारे आहेत आणि तेच सुनेसाठी "गोरी हवी" म्हणून सांगतात.

दुसरी पायरी: बाळंतपण, आणि तोंड उघडणं

बायको ब्लॅक आणि नवरा मराठी असेल, तर हा भाग त्या नवऱ्यासाठी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५० ब्लॅक माता दगावल्या. गोऱ्या माता १४ ते १५. शिक्षण आणि पैसा असला की सुटका, असंही नाही. २०१७ मध्ये सेरेना विल्यम्सला सिझेरियननंतर धाप लागली. तिला आधी गुठळ्यांचा त्रास होऊन गेला होता, म्हणून तिने स्वतः सांगितलं की फुफ्फुसांचा स्कॅन करा. आधी तिचं बोलणं उडवून लावलं गेलं. शेवटी स्कॅन झाला तेव्हा फुफ्फुसांत गुठळ्या सापडल्या.

आपण मराठी मुलं डॉक्टरांपुढे शहाण्यासारखी गप्प बसतो. इथे ते नको. घरी रक्तदाबाचं यंत्र आणा, बाळंतपणानंतरही रोज मोजा. १४०/९० च्या वर गेला तर त्याच दिवशी फोन, १६०/११० झाला तर थेट इमर्जन्सी. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, धाप, छातीत दुखणं, १००.४ च्या वर ताप, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एकाच पायाला सूज आणि दुखणं: यातलं काहीही झालं तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. तपासणीला नकार मिळाला तर शांतपणे म्हणायचं, "आम्ही ही तपासणी मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात, हे नोंदीत लिहा." या एका वाक्याने बऱ्याचदा तपासणी होते.

धोका दवाखान्यातून घरी आल्यावर संपत नाही. गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त बाळंतपणानंतरच्या आठवड्यापासून वर्षभरात होतात, आणि पाचांपैकी चार टाळता येण्यासारखे असतात, असं राज्याराज्यांतल्या समित्यांनी तपासलेल्या प्रकरणांवरून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) सांगितलं आहे. इथे आपला सव्वा महिना उपयोगी पडतो. डिंकाचे लाडू, तेल-मालिश, बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, हे सगळं इथे पैसे देऊनही मिळत नाही. शेगडी आणि धुरी मात्र नको, स्मोक अलार्म वाजतो आणि बाळाच्या छातीलाही ते चांगलं नाही. आणि गोधडीत गुंडाळून कुशीत झोपवायची आपली सवय सोडायची: बाळ पाठीवर, कडक गादीवर, वेगळ्या पाळण्यात, आत उशी-दुलई काही नाही. अमेरिकेत ब्लॅक बाळांचा मृत्युदर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि त्यातला झोपेतला भाग आपल्या हातातला आहे.

तिसरी पायरी: टाचेतलं रक्त, निळे डाग आणि डांबराच्या गोळ्या

हा भाग आजींनीही वाचावा.

सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, हा "त्यांचा" आजार आहे असं अमेरिकेतल्या मराठी माणसाला वाटतं. मी नागपूरची, मला तसं वाटायला नको होतं. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारकडे सिकलसेल आहे. आदिवासी समाजांत जास्त, पण इतरांतही आहे. अमेरिकेत साधारण १३ ब्लॅक बाळांपैकी एक बाळ या आजाराचं वाहक असतं. आईबाप दोघेही वाहक असले तर दर खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. बापाकडून सिकल आणि आपल्याकडून थॅलेसेमियाचा गुण आला तरीही आजार होतो. म्हणून दोघांनीही, लग्न ठरलं की किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून घ्या. मराठी जोडीदाराची तपासणी इथल्या दवाखान्यात कुणी आपणहून सुचवेलच असं नाही, आपण मागायची.

जन्मानंतर टाचेतून रक्त घेऊन ही तपासणी अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत होते. पण अहवाल घरी येतोच असं नाही, बालरोगतज्ज्ञांकडे मागा आणि वाचा. एफए म्हणजे नेहमीचं. एफएएस म्हणजे वाहक: मूल निरोगी, फक्त पुढे लक्षात ठेवायचं. एफएस आलं तर लगेच रक्तरोगतज्ज्ञ. अशा बाळाला दोन महिन्यांच्या आत पेनिसिलिन सुरू होतं, ते पाच वर्षांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा द्यायचं, आणि १०१ ताप आला की घरी औषध देऊन वाट बघायची नाही.

आता डांबराच्या गोळ्या. जी-६-पीडी नावाच्या एका एन्झाइमची कमतरता आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळते, आपल्याकडेही आढळते, मुलग्यांत जास्त. एरवी तिचा पत्ता लागत नाही. पण अशा बाळाला नॅफ्थलीनचा, म्हणजे आपल्या पांढऱ्या डांबरगोळ्यांचा वास लागला तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ भडकते. आजी प्रेमाने काय आणते? ट्रंकेत वर्षानुवर्षं गोळ्या घालून ठेवलेली दुपटी, झबली, जुन्या साड्यांची गोधडी. धाकट्याच्या वेळी आईची बॅग उघडली आणि खोलीभर तो वास पसरला. सगळं उचलून बाहेर दोरीवर टाकलं, दोनदा धुतलं, पुन्हा वाळवलं. आई म्हणाली, "तुम्हाला नाही झालं काही!" आम्हाला ती कमतरता नसेल, म्हणून नाही झालं. गोळ्या न घालता कपडे आणायला सांगा, एवढंच.

काजळही नको. डोळ्यात तर नाहीच. बऱ्याच काजळांत आणि सुरम्यात शिसं सापडतं. तीट म्हणून कुंकूही नको, काही कुंकवांत आणि शेंदरातही शिसं सापडलं आहे. आमच्याकडे आईने तुपाचा एक ठिपका लावला आणि दृष्ट काढली, तिचं समाधान झालं.

ब्लॅक आणि भारतीय दोन्ही बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर डाग असतात. ते काही वर्षांत फिके होतात. पण परक्या डोळ्याला ते मार लागल्यासारखे दिसतात. पहिल्या महिन्यातच डॉक्टरांना दाखवा, कुठे आणि केवढे ते नोंदीत लिहून घ्या, तारखेसह फोटो काढून ठेवा. आमच्या पाळणाघरातून एके दिवशी "पाठीवर वळ आहेत" म्हणून फोन आला होता. आवाज गोड, प्रश्न गोड नव्हता. नोंदीचा कागद पाठवला, विषय तिथेच संपला. कागद नसता तर कुठवर गेला असता, याचा विचार मी करत नाही.

गडद कातडीवर आजार वेगळे दिसतात. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात आणि हिरड्यांवर बघा, आणि शंका आली तर नजरेवर न जाता रक्तातलं बिलिरुबिन मोजायला सांगा. इसब लाल दिसत नाही, जांभळट, राखाडी, खरखरीत दिसतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद कातडीवर खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो. म्हणून बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ-हिरड्या राखट दिसत असतील, तर आकडा ९६ आहे म्हणून घरी बसू नका. अंगावर पिणाऱ्या कुठल्याही बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे, ते डॉक्टर सांगतीलच.

चौथी पायरी: केस

इथे मी सगळ्यात जास्त चुकले, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली दोन वर्षं मी लेकीचे केस माझ्या आईने माझे विंचरले तसे विंचरत होते. कोरड्या केसांत कंगवा, वरून खाली, मग खोबरेल थापून दोन घट्ट पोनी. ती रडायची, मी चिडायचे. एकदा सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. आत आल्या, माझ्या हातातून कंगवा काढून घेतला, जमिनीवर उशी टाकली, लेकीला दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवलं आणि पाण्याची फवाऱ्याची बाटली मागितली. मी शेजारी बसून शिकले. तुम्हाला शिकवणारं माणूस असेल तर संकोच सोडून विचारा, पहिल्या दिवसापासून.

क्रम असा. आठवड्यातून किंवा दहा दिवसांतून एकदा धुवायचे, रोज नाही. केसांचे चार ते सहा भाग करून चिमटे लावायचे. शाम्पू फक्त टाळूला, मग भरपूर कंडिशनर, आणि तो केसांत असतानाच गुंता काढायचा: आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे. आपली बारीक फणी या घरातून हद्दपार. ओल्या केसांतच लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचा कंडिशनर), त्यावर तेल. तेल म्हणजे झाकण, पाणी नव्हे. कोरड्या केसांवर तेल थापलं तर आतला कोरडेपणाच झाकला जातो, हे मला कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षांचं रडणं वाचलं असतं. मग वेण्या किंवा पीळ. रात्री सॅटिनची टोपी, नाहीतर सॅटिनचा अभ्रा. सुती अभ्रा ओल शोषून घेतो आणि केस तुटतात.

या सगळ्याला दोन-अडीच तास लागतात. शनिवारची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवा. आमच्याकडे तेव्हा पोह्याची बशी आणि एक सिनेमा असतो. घरातली बहुतेक मोठी बोलणी याच वेळात होतात, कारण तिचा चेहरा समोर असतो, माझा मागे.

बारीक वेण्या घालून घ्यायला वेणीवाल्या बाईंकडे जा. आमच्या भागात त्या बहुतेक सेनेगल किंवा मालीच्या आहेत. घट्ट घालू नका म्हणून आधीच सांगा. कपाळाच्या कडेला पुटकुळ्या आल्या किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत असलं, तर वेण्या सैल करायच्या. वर्षानुवर्षं ओढ बसली की तिथले केस कायमचे जातात.

जावळाचा तंटा होणार, हे धरून चाला. आपल्याकडे वर्षाच्या आत जावळ, सासूबाईंच्या घरात वर्षाच्या आत केसांना कात्री लावणं अशुभ. आम्ही पहिला वाढदिवस होऊ दिला, मग भावाच्या मांडीवर बसवून एक बट कापली. दोन्हीकडे थोडी थोडी नाराजी राहिली, म्हणजे तोडगा बरोबर होता.

केसांवरून शाळेत अडवलं तर? कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा केला. केसांचा पोत, वेण्या, लॉक्स (जटांसारख्या वळलेल्या बटा) यांवरून भेदभाव करायचा नाही, असा हा कायदा आता २० हून जास्त राज्यांत आहे. पण पळवाटा आहेत. टेक्सासमध्ये २०२३ मध्ये कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी ह्यूस्टनजवळच्या एका विद्यार्थ्याला लॉक्सच्या लांबीवरून महिनोन्महिने वर्गाबाहेर ठेवलं गेलं. लांबीबद्दल कायदा काही बोलत नाही, असं न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलं. म्हणून प्रवेश घेण्याआधी शाळेची नियमपुस्तिका केसांच्या पानापासून वाचा.

पाचवी पायरी: शाळा

मराठी आईबाप शाळेत मार्कांचं विचारतात. इथे आधी शिक्षेचं विचारायचं. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०११-१२ च्या आकड्यांत बालवाडीतली ब्लॅक मुलं १८ टक्के होती, पण एकापेक्षा जास्त वेळा घरी पाठवलेल्या मुलांत ४८ टक्के. बालवाडीत! चार वर्षांचं पोर असं काय करतं? जे दुसरं पोर करतं तेच. फक्त ब्लॅक मूल वयापेक्षा मोठं समजलं जातं. माझ्या लेकीला सहाव्या वर्षी "आगाऊ" हा शेरा मिळाला. तोच प्रश्न तिच्या शेजारच्या मुलीने विचारला तेव्हा ती "चौकस" होती.

वर्षाच्या पहिल्या महिन्यातच, तक्रार नसताना, शिक्षिकेला भेटा. मुलाच्या आवडी, त्याला राग आला की काय चालतं, हे सांगून ठेवा. चेहरा ओळखीचा झाला की पुढचं बोलणं सोपं जातं. शाळेत ब्लॅक शिक्षक किती, हे विचारा. प्राथमिक शाळेत एक जरी ब्लॅक शिक्षक लाभला तरी ब्लॅक मुलांचं पुढे शाळा पुरी करण्याचं प्रमाण वाढतं, हे टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या अभ्यासांत दिसलं आहे. शिकण्यात अडचण वाटली तर मूल्यमापनाची मागणी लेखी करा, तारीख घाला, प्रत ठेवा. तोंडी मागणी नंतर सिद्ध करता येत नाही. हुशार मुलांच्या वर्गासाठीही तेच. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत शिफारशीवर न थांबता सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा निवड झालेल्या ब्लॅक मुलांची संख्या एकदम वाढली. मुलं आधीही तिथेच होती.

पोहणं लवकर शिकवा, हे दोन ओळींत सांगते. ब्लॅक घरांत पाण्याची भीती आहे ती उगाच नाही. एके काळी पोहण्याचे तलाव त्यांना बंद होते, आणि १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनला ब्लॅक आंदोलक तलावात उतरले म्हणून मोटेलच्या मालकाने पाण्यात अ‍ॅसिड ओतलं. त्याची किंमत आजही मुलं मोजतात: ब्लॅक मुलांचं बुडून मरण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. दाट केसांवर बसणारी मोठी टोपी मिळते, केसांचं कारण चालणार नाही.

सहावी पायरी: टिकल्यांचं पिस्तूल

मागच्या दिवाळीत बाबा नागपूरहून आले. धाकट्यासाठी टिकल्यांचं पिस्तूल घेऊन आले, सोबत लाल टिकल्यांच्या डब्या. मी लहानपणी चाळीत तेच घेऊन पळायचे. मुलाने ते हातात घेतलं, अंगणाकडे धावला, आणि नवरा ज्या वेगाने उठला तसा तो उठलेला मी कधी पाहिला नव्हता. ओरडला नाही. मुलाला उचललं, पिस्तूल काढून घेतलं, आत गेला.

बाबा गोंधळले. मग मी त्यांना तामिर राइसबद्दल सांगितलं. वय १२, क्लीव्हलँडची बाग, २२ नोव्हेंबर २०१४, हातात खेळण्यातली बंदूक. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांत गोळी सुटली. बाबांनी ते पिस्तूल स्वतः हातोडीने तोडलं आणि कचऱ्यात टाकलं. टिकल्या आम्ही मागच्या ओट्यावर दगडाने फोडल्या, मुलाला तेच जास्त आवडलं.

तेव्हा नियम: पिस्तुलासारखं दिसणारं काही नाही, पाण्याचंही नाही, रंगीतही नाही. आजोबांना आधीच कळवा.

इथल्या ब्लॅक घरांत मुलं मोठी होताना एक बोलणं होतं, त्याला नुसतं "द टॉक" म्हणतात. पोलिसांनी थांबवलं तर हात दिसतील असे ठेव, खिशात हात घालू नकोस, पळू नकोस, आवाज चढवू नकोस, "मला आई-बाबांना फोन करायचाय" म्हण. हे ब्लॅक जोडीदाराला बोलू द्या. तुम्ही शेजारी बसा. मध्येच "असं काही होणार नाही रे" म्हणून मुलाला धीर देऊ नका. मी एकदा दिला होता, त्या रात्री नवरा माझ्याशी बोलला नाही आणि त्याचं बरोबर होतं. बोलण्याच्या शेवटी एक गोष्ट मात्र तुम्ही सांगा: यात तुझी काही चूक नाही.

आणि आपल्या वडीलधाऱ्यांनाही सावध करा. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे आजोबा फिरायला निघाले होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक सडपातळ ब्लॅक माणूस हिंडतोय. इंग्रजी न येणाऱ्या त्या आजोबांना पोलिसाने जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा झाली. ही गोष्ट सांगितल्यापासून आमच्या बाबांचं "त्यांचं आणि आपलं वेगळं" बंद झालं.

सातवी पायरी: माणसं आणि गोष्टी

मुलाच्या आजूबाजूला ब्लॅक माणसं हवीत, बातमीतली नव्हेत, ओळखीची: दंतवैद्य, न्हावी, पोहण्याचे सर, शेजारच्या काकू. नुसत्या मराठी मंडळात वाढलेलं ब्लॅक मूल प्रत्येक गणेशोत्सवात एकटंच वेगळं दिसतं. सासूबाईंच्या चर्चमध्ये मी जाते, भजनाला बसावं तशी बसते. १९ जूनला, म्हणजे १८६५ मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनला गुलामांच्या सुटकेचा हुकूम वाचला गेला त्या दिवशी, आमच्याकडे सगळे जमतात. मी श्रीखंड करते, ते आता तिथलंच झालंय.

गोष्टी सांगताना दोन घरं वेगवेगळी ठेवायची गरज नाही, ती आधीच जोडलेली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं. माझ्या माहेरापासून दीड तासावरच्या वर्ध्याला बेंजामिन मेज हे ब्लॅक धर्मगुरू आणि शिक्षक १९३६ च्या अखेरीस गांधीजींना भेटले, आणि पुढे अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले, जिथे मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या हाताखाली शिकले. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलं. आणि मलिक अंबर: इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनेत येऊन निजामशाहीचा कारभारी झालेला. खडकी त्यानेच वसवली, तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हे माझ्या लेकीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने एकच विचारलं, "मग त्याचे केस माझ्यासारखे होते?" असणारच.

जोडीदाराचीही काळजी घ्या. एखादी बातमी येते आणि तो दोन दिवस गप्प असतो. तेव्हा "तू इतकं मनाला लावून घेऊ नकोस" हे आपलं ठेवणीतलं वाक्य काढू नका. जेवण वाढा, मुलांना घेऊन बाहेर जा, त्याला झोपू द्या. मुलाचं हसणं-खेळणं आठवडे-दोन आठवडे बंद वाटलं तर समुपदेशकाकडे जा, आणि जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही बोललं तर ९८८ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

शेवटी भारतवारी

सामानात सॅटिनच्या दोन टोप्या, कंडिशनरची मोठी बाटली, फवाऱ्याची बाटली. जाण्याच्या आदल्या दिवशी वेण्या घालून न्या, महिनाभर केसांना हात लावावा लागत नाही. तुम्हाला. बाकी सगळे लावतात. म्हणून मुलाकडून एक मराठी वाक्य पाठ करून घ्या, आणि ते म्हटल्यावर तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहाल, "मोठ्यांशी असं बोलू नये" म्हणणार नाही, हेही त्याला सांगून ठेवा.

गेल्या डिसेंबरात खुलताबादला अंबराची कबर बघून परतताना आम्ही रेल्वेने नागपूरला येत होतो. समोरच्या काकूंनी लेकीच्या वेण्यांतले मणी कौतुकाने धरले. लेक मागे सरली आणि खणखणीत म्हणाली, "काकू, केसांना हात लावायचा नाही. बघायचं फक्त." डब्यात शांतता. काकूंनी हात मागे घेतला, तिच्याकडे नीट पाहिलं, पिशवीतून बोरं काढली आणि विचारलं, "बोरं तरी चालतात का तुला?"

चालतात म्हणाली. बिया मोजत बसली, वर्ध्यापर्यंत एकवीस झाल्या.